अपघाताची भरपाई: कलम १६४ की कलम १६६?
गाडीने उडवलं, पाय मोडला, तर मोटार वाहन कायद्यात भरपाईच्या दोन वाटा आहेत. कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. हाड मोडलं की दुखापत गंभीरच धरतात. रक्कम ठरलेली, मग पायात रॉड पडो की प्लास्टरवर भागो.

कलम १६६ मध्ये समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, पगाराची स्लिप, औषधांची बिलं, सगळं जपा. (मेडिकलवाल्याची कच्ची चिठ्ठी नको, नावासकट पक्कं बिल मागा.) बुडालेला पगार, कायमचं अपंगत्व, पुढच्या ऑपरेशनचा खर्च, सगळं मोजलं जातं. तारखा मात्र पडत राहतात. दावा राहत्या जिल्ह्यातही लावता येतो. अपघात कोल्हापूरला झाला म्हणून नाशिककराने तिकडे खेटे घालायला नकोत. कायद्यातली मुदत ६ महिने.

साक्षीदारच नसेल तर १६४ बरं. पण हात कायमचा अधू झाला असेल तर मी १६६ च म्हणेन. विमा कंपनीचा माणूस १६४ ची रक्कम देऊ करतो, तेव्हा सही करण्याआधी वकिलाला विचारा: ती स्वीकारली की १६६ चा अर्ज संपतो.