गंगापूर रोडचं हेल्थ कॅफे: बाउल छोटा, बिल मोठं

नाव लिहीत नाही, पण नाशिकला गंगापूर रोडवर नवीन झालंय ते. जागा मस्त, स्टाफ पण चांगला. किनोआ नावाच्या धान्याचा बाउल ३४९ ला, ठीके म्हटलं, पण ड्रेसिंग वेगळं, अव्होकाडोच्या चार फोडी टाकल्या की ९० वेगळे आणि पार्सल घेतलं तर डब्याचे पण पैसे, म्हणजे मेन्यूतला आकडा नुसता नावाला. एवढं करून पोट भरत नाहीच, घरी येऊन भाकरी खाल्ली.

तिथल्या ग्रॅनोलाचं (भाजलेल्या ओट्सचा गोड नाश्ता) पाकीट मात्र उलटं करून बघा. पुढे मोठ्ठं ‘रिफाइंड शुगर फ्री’, मागे बारीक अक्षरात ओट्सनंतर लगेच गूळ आणि खजूर सिरप, आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमानेच छापायचे असतात, म्हणजे समजून जा. साखर ७ ग्रॅम लिहिलीये पण ती ३० ग्रॅमच्या सर्व्हिंगमागे, एवढ्याने वाटीचा तळ झाकत नाही राव!

किनोआ मूळचा पेरू-बोलिव्हियाकडचा, आपल्या राजगिऱ्याच्याच कुळातला, आणि राजगिरा रविवार कारंजाला कितीतरी स्वस्त मिळतो. आई तर बिल बघून हसतच सुटली.

कॉफी झकास, तेवढ्यासाठी जाईन परत. पार्किंगची बोंब आहे.