सोनी २००-६०० लेन्स: आफ्रिकेच्या सफारीसाठी घ्यावी का?

सोनीची एफई २००-६०० एमएम एफ/५.६-६.३ जी ओएसएस ही लेन्स २०१९ साली बाजारात आली. केनिया-टांझानियाला निघालेले बहुतेक जण ती ६०० (मिलिमीटर, म्हणजे लांबचं जवळ आणण्याची ताकद) या आकड्यासाठी घेतात. पण ६०० पर्यंत जाणाऱ्या लेन्स आणखीही आहेत. हिचे पैसे वसूल होतात ते वेगळ्याच कारणाने: झूम करताना हिची नळी पुढे सरकत नाही.

केनियातल्या अंबोसेलीच्या कोरड्या तळ्यातली धूळ पिठासारखी बारीक आणि खारट असते. ज्या लेन्सची नळी झूमबरोबर बाहेर येते, ती नळीवर बसलेली धूळ परत जाताना आत ओढते. रबरी सील असलं तरी त्याला मर्यादा आहे. कालांतराने झूमची रिंग करकरते, आतल्या काचेवर कण दिसू लागतात. २००-६०० मध्ये सगळी हालचाल आतल्या आत होते. लांबी कायम ३१८ मिलिमीटर. तोलही बदलत नाही, त्यामुळे बीन बॅगवर (लेन्सला आधार देणाऱ्या, धान्य भरलेल्या पिशवीवर) टेकवलेली लेन्स झूम केल्यावर पुढे झुकत नाही. दुसरा फायदा रिंगचा. २०० ते ६०० हे अंतर साधारण ७० अंशांत संपतं, म्हणजे मनगट एकदाच वळवायचं. गवतातून उठलेला चित्ता गाडीच्या दिशेने यायला लागला की हे फार कामाचं ठरतं.

आता ६०० म्हणजे नेमकं किती, ते बघू. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मीटर अंतरावर ६०० ला चौकटीची रुंदी ३ मीटर येते. आडवा उभा असलेला सिंह तीत छान बसतो. ६० मीटरवर चौकटीची उंची २.४ मीटर होते, आणि खांद्याशी जेमतेम ६० सेंटीमीटर असलेलं थॉमसन्स गझेल तिचा पाव हिस्सा व्यापतं. उलट टोकाला अडचण मोठी आहे. गाडीपासून १० मीटरवर हत्ती आला तर २०० ला चौकटीची उंची फक्त १.२ मीटर. नर हत्ती खांद्याशी ३ मीटरच्या वर असतो. अख्खा हत्ती आडव्या फोटोत घ्यायला त्याच्यापासून २७ मीटरहून दूर असायला हवं. १० मीटरवर हाती लागतो एक डोळा आणि अर्धा कान. किलिमांजारोसमोरून जाणारा कळप तर २४-१०५ किंवा ७०-२०० अशा छोट्या झूमचंच काम आहे. म्हणून ही लेन्स एकटी नेऊ नये. सोबत दुसरी कॅमेरा बॉडी आणि छोटा झूम हवाच. जुनी किंवा भाड्याची बॉडी चालेल, पण ‘गाडीत लेन्स बदलू’ हा बेत सोडून द्यावा. छत उघडलेल्या गाडीत लेन्स काढली की सेन्सरवर धूळ बसणारच. पॅनिंग करताना (धावत्या प्राण्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेताना) शटर १/३० सेकंदाला आणून ॲपर्चर (उजेड आत सोडणारं लेन्सचं छिद्र) एफ/१६ पर्यंत बंद केलं की ते सगळे डाग आकाशात उमटतात.

खरी उणीव उजेडाची. ६०० ला ॲपर्चर एफ/६.३ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ/४ च्या लेन्सच्या तुलनेत १⅓ स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) आणि एफ/२.८ च्या तुलनेत २⅓ स्टॉप कमी. विषुववृत्ताजवळ सकाळ झपाट्याने उजाडते आणि नऊच्या सुमारास ऊन कडक होतं, त्यामुळे चांगला उजेड मुळात थोडा वेळच मिळतो. त्या वेळी १/५०० शटर ठेवलं तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० जाणार, हे धरून चालावं. अलीकडच्या फुल फ्रेम बॉडीवर तेवढा नॉइज (फोटोतले दाणे) सॉफ्टवेअरमध्ये आवरता येतो. हललेला फोटो मात्र सुधारत नाही. सुदैवाने लेन्स पूर्ण उघड्या ॲपर्चरला पुरेशी धारदार आहे. एफ/८ ला फरक पडतो तो किरकोळ. पहाटे एफ/६.३ वरून हलूच नये.

ओएसएस (लेन्समधली थरथर आवरणारी यंत्रणा) हात हलल्याचं सावरतं, प्राणी हलल्याचं नाही. ग्रुप टूरच्या गाडीत सहा-सात जण असतात. एकाने फोन काढायला बूड हलवलं तरी अख्खी गाडी डुलते. अशा गाडीत बसलेल्या सिंहालाही १/८०० ते १/१००० ठेवावं. इंजिन बंद आणि सगळे स्थिर असतील तर १/२५० ला जमून जातं. धावत्या चित्त्याला १/२५०० किंवा अधिक. इंजिन चालू ठेवून ६०० ला काढलेल्या फोटोत बारीक थरथर राहते, आणि लोक खापर फोडतात लेन्सच्या फोकसवर. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगणं हा सर्वांत स्वस्त उपाय. ओएसएसचा मोड १ नेहमीसाठी, २ पॅनिंगला, आणि अचानक दिशा बदलणाऱ्या प्राण्यांना ३.

लेन्सच्या अंगावरचं आणखी एक बटण गोंधळ घालतं: फोकस लिमिटर, म्हणजे किती अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारं. ‘१० मीटर ते अनंत’ वर ठेवलं की फोकस इकडेतिकडे भटकत नाही, आणि दिवसभर तिथेच असावं. मात्र गाडीजवळ येऊन बसलेल्या पक्ष्यावर फोकस लागेना की ‘लेन्स बिघडली’ म्हणून घाबरण्याआधी हे बटण बघा. पूर्ण पल्ल्यावर ती २.४ मीटरपर्यंत जवळ फोकस करते. उंच गवतात फोकस पुढच्या पात्यांवर अडकतो. ॲनिमल आय (प्राण्याचा डोळा ओळखणारी कॅमेऱ्याची सोय) चालू असेल तर सिंह-चित्त्याचा डोळा बहुधा सापडतो, हत्ती-गेंड्याचा इवलासा डोळा पुष्कळदा नाही. तिथे फोकसचा लहान स्पॉट स्वतः ठेवावा. रानम्हशी आणि वाइल्डबीस्ट काळपट असल्याने कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फोटो उगाच उजळतो. एक्सपोजर उणे ०.७ करावं.

वजन २,११५ ग्रॅम, तेही लेन्सचा ट्रायपॉडवर बसवायचा पाय न मोजता. हातात धरून दहा मिनिटांत दंड भरून येतात, त्यामुळे बीन बॅग लागतेच. ती आपल्या सोलापुरात शिवून घेणं सोपं: जुन्या जेकार्ड चादरीचं जाड सुती कापड घसरत नाही. साधारण ३० × २५ सेंटीमीटरची पिशवी, एका बाजूला चेन. भरायची मात्र तिथे पोचल्यावर, तीनेक किलो तांदळाने. इथून ज्वारी भरून नेऊ नये, परदेशी विमानतळावर धान्याची अडवणूक होऊ शकते. पिशवी दोन तृतीयांशच भरावी. गच्च भरली तर लेन्स तिच्यात रुतत नाही, वरून गडगडते. पाय वरच्या बाजूला फिरवून लेन्स पोटावर टेकवावी, आणि झूम रिंग पिशवीत दबत नाही ना ते बघावं. मूळ पाय आर्का पद्धतीचा (ट्रायपॉडच्या खाचेत थेट बसणारा) नाही, हे कंपनीने टाळायला हवं होतं. ट्रायपॉड वापरणाऱ्याला वेगळी प्लेट घ्यावी लागते.

दोन ठाण्यांच्या मधल्या प्रवासात लेन्सवर सोलापुरी टॉवेल गुंडाळून ठेवावा. त्याच टॉवेलने काच मात्र पुसू नये. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी टिश्यूवर द्रावणाचे एक-दोन थेंब. हा क्रम उलटा झाला की वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. काचेच्या संरक्षणासाठी ९५ मिलिमीटरचा यूव्ही फिल्टर विकत घेऊ नका. चांगला महाग पडतो, स्वस्तातला ६०० ला धार घालवतो. खोल हूड पुरेसं संरक्षण देतो.

१.४ एक्स टेलिकन्व्हर्टरही (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारं, पल्ला वाढवणारं भिंग) घेऊ नका. ८४० मिळतात, पण ॲपर्चर एफ/९ होतं आणि फोकस मंदावतो. शिवाय लांबचा प्राणी दुपारी तापलेल्या हवेच्या थरांतून दिसतो, तिथे कुठलीही काच उपयोगाची नाही. सोलापूरकरांनी हे घरबसल्या पडताळावं. एप्रिलमध्ये सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळरानावर अकरा वाजता दीडशे मीटरवरचं काळवीट टिपलं की कडा वितळल्यासारख्या दिसतात. तेच काळवीट सकाळी सातला चाळीस मीटरवर घ्या, केस न् केस मोजता येतो. नवी लेन्स तपासायची तर सकाळीच आणि जवळच्या अंतरावर. एसी गाडीतून उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून. जाण्याआधीचा सरावही याच माळावर करावा, कारण मोकळं गवत आणि धावणारे कळप हे दोन्ही तिथे आहेत. वन विभागाची परवानगी घ्यावी आणि वाट सोडून गाडी घालू नये. मसाई मारा अभयारण्यातही तोच नियम आहे.

सिग्माची सोनी माउंटवरची १५०-६०० स्पोर्ट्स वजनाला जवळपास एवढीच आहे. १५० पासून सुरू होते ही तिची जमेची बाजू, पण नळी बाहेर येते, टेलिकन्व्हर्टर लागत नाही आणि सोनीच्या वेगवान बॉडीवर सेकंदाला १५ फ्रेमचीच मर्यादा पडते. टॅमरॉनची १५०-५०० हलकी आहे, १,७२५ ग्रॅम. खांदे दुखणाऱ्यांनी तिचा विचार करावा. सोनीचीच १००-४०० जीएम १,३९५ ग्रॅमची, आणि एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर ६०० इतकाच पल्ला देते. एकच बॉडी न्यायची असेल तर माझं मत तिच्या बाजूने.

किंमत दोन लाखांच्या आसपास धरा. एकाच सहलीसाठी एवढे घालू नयेत. पुण्या-मुंबईहून भाड्याने घ्या आणि निघण्याआधी दोन दिवस हातात येईल असं बघा. विकत घेतलीत तर भारतीय बिलाचीच घ्या, कारण वॉरंटी त्यावर अवलंबून. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत एकूण सामान १५ किलो, तेही मऊ पिशवीत, म्हणून कडक सुटकेस घरीच ठेवा. सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच. केनियात तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो. आणि मुंबईहून उडताना कस्टम्सच्या खिडकीवर बॉडी-लेन्सचे सीरियल नंबर दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायला विसरू नका. ते नसेल तर परतताना तुमचीच लेन्स तुम्ही परदेशातून आणली नाही हे सिद्ध करत बसावं लागतं.