सोमवारचे दोन तास: महापालिकेतील अभिलेख अवलोकन सेवेचा अनुभव

दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत महापालिकेत जाऊन, माहिती अधिकाराचा अर्ज न करता आणि एक रुपयाही न भरता, नागरिकाला तेथील फाइली पाहता येतात, ही गोष्ट मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळली. आणि तीही महापालिकेकडून नव्हे, तर आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका निवृत्त लेखनिकाकडून. पुणे महापालिकेत ही प्रथा आधीपासून होती. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने नोव्हेंबर २०१८ मध्ये ती जिल्हास्तरीय कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. माहिती अधिकारातील अर्ज आणि अपिले कमी व्हावीत, हा त्यामागचा उद्देश होता. आमच्या शहराच्या महापालिकेत गेल्या दीड वर्षात मी सहा सोमवार या सेवेचा लाभ घेतला. हातात काय पडले आणि काय पडले नाही, हे इतरांच्या उपयोगी यावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्या गल्लीतील रस्ता नव्याने डांबरी केला गेला आणि पुढच्या चार महिन्यांतच केबलसाठी खोदला गेला, हे पहिल्या भेटीचे निमित्त होते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी पावणेतीनला पथ विभागात पोहोचले. या सेवेची सूचना देणारा फलक ना तळमजल्यावर होता, ना विभागाच्या दारात. टेबलावरच्या लिपिकाने ‘मॅडम, माहिती अधिकारात टाका, तीस दिवसांत उत्तर येईल’ असे सांगितले. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्याला ही सेवा खरोखरच ठाऊक नव्हती. शासनाच्या आदेशाची छापील प्रत मी सोबत नेली होती. ती उपअभियंत्यांनी उभ्याउभ्या वाचली, कोणाला तरी फोन केला आणि शिपायाला अभिलेख कक्षात पाठवले. फाइल हाती आली तेव्हा पावणेचार वाजले होते. दोन तासांच्या सेवेतील पाऊण तास केवळ तिचे अस्तित्व पटवून देण्यात गेला. तरीही हे नमूद केले पाहिजे की, एकदा फाइल समोर ठेवल्यावर मला कोणी घाई केली नाही, आणि पाणी हवे का असेही विचारले.

रस्त्याची फाइल म्हणजे नेमके काय असते, याची मला काहीच कल्पना नव्हती. तीत प्रथम पूर्वगणनपत्रक असते, म्हणजे कामाला किती खर्च येईल याचा अंदाज. त्यानंतर निविदेची कागदपत्रे, कार्यादेश, डांबराच्या आणि खडीच्या चाचणीचे अहवाल, देयके आणि या सर्वांच्या मध्ये अधिकाऱ्यांच्या टिपण्या. पण नागरिकाने सर्वप्रथम मागावी ती मोजमाप पुस्तिका, जिला कचेरीत सगळे ‘एमबी’ म्हणतात. ती जाड पुठ्ठ्याची, छापील पृष्ठक्रमांकांची वही असते. तिच्यातील पान काढता येत नाही, आणि खाडाखोड झाली तर तिथे स्वाक्षरी करावी लागते. कनिष्ठ अभियंता जागेवर मोजून लांबी, रुंदी आणि जाडी तिच्यात लिहितो, आणि ठेकेदाराचे देयक त्या आकड्यांवरून निघते. म्हणजे रस्त्यावर काय झाले आणि तिजोरीतून काय गेले, यांचा सांधा या एका वहीत असतो.

आमच्या रस्त्याच्या नोंदीत खाली ५० मिलिमीटरचा डीबीएमचा, म्हणजे जाड खडीच्या डांबरी मिश्रणाचा थर, त्यावर ३० मिलिमीटरचा बीसीचा, म्हणजे बारीक खडीच्या डांबरी मिश्रणाचा थर आणि आरंभापासून शेवटपर्यंत ६.०० मीटर रुंदी लिहिली होती. आठ ओळी, आणि आठही ओळींत तोच आकडा. मी या गल्लीत बावीस वर्षे राहते. मारुतीच्या देवळाच्या ओट्याजवळ समोरून रिक्षा आली तर आपली दुचाकी थांबवावी लागते, हे तिथल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. मंगळवारी सकाळी साडेसहाला, वाहने सुरू होण्यापूर्वी, मी आणि शेजारच्या काकू टेप घेऊन उतरलो. ओट्यापाशी डांबराची रुंदी ४ मीटर ४० सेंटिमीटर भरली, आणि तेवढी अरुंद पट्टी सुमारे तीस मीटर लांब होती. पैशांत हा फरक फार मोठा नसेल. पण मोजमाप जागेवर झालेच नव्हते, हे त्यातून स्पष्ट झाले. आणि मग त्याच हाताने लिहिलेली जाडी तरी का खरी मानावी, असा प्रश्न उभा राहिला. तो मी लेखी विचारला. सात आठवड्यांनी तिथून तीन ठिकाणी कोअर, म्हणजे रस्त्याचा गोल नमुना, कापून नेण्यात आला. त्याचा अहवाल फाइलला लागला असून एका ठिकाणी जाडी कमी भरली आहे, आणि ठेकेदाराला वसुलीची नोटीस निघाली आहे. रक्कम वसूल झाल्याची नोंद मात्र माझ्या शेवटच्या भेटीपर्यंत नव्हती.

माहिती अधिकाराच्या अर्जाने हे साधले असते का, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला आहे, कारण तो मार्गही मी वापरला आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांची मर्यादा, तीस दिवसांची मुदत. उत्तर न आल्यास वीस रुपयांचे पहिले अपील, आणि त्यानेही भागले नाही तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. कागदावर ही रचना चांगली आहे, आणि माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपयांप्रमाणे कमाल २५,००० रुपये दंडाची तरतूदही आहे. पण राज्य आयोगाकडे २०२३ च्या मध्यास एक लाखाहून अधिक प्रकरणे प्रलंबित होती. तिथे पोहोचलेल्या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत रस्ता पुन्हा नवा होतो. त्याहून मोठी अडचण अशी की, अर्ज करताना हव्या असलेल्या कागदाचे नाव आधी माहीत असावे लागते. ‘एमबी’ नावाची वही असते हेच ज्याला ठाऊक नाही, तो ती कशी मागणार? फाइल उघडून बसले की तीच पुढचा प्रश्न सुचवते. या सेवेचे सर्वांत मोठे मोल मला यातच दिसते.

तिच्या उणिवाही गंभीर आहेत, आणि त्यांतली पहिली म्हणजे सूची नसणे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवावेत, असे माहिती अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमाचे कलम ४ सांगते, आणि स्वतःहून जाहीर करायच्या बाबींची लांब यादी देते. आमच्या महापालिकेच्या संकेतस्थळावर ही माहिती आहे, परंतु ती काही वर्षांपूर्वीची असून तीतील निम्मे अधिकारी बदलून गेले आहेत. फाइलींची सूची तर नाहीच. परिणामी कोणती फाइल मिळणार, हे अभिलेख कक्षातील एका वयस्क शिपाईकाकांच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असते. ते रजेवर असलेल्या सोमवारी मला हात हलवत परत यावे लागले. ते येत्या वर्षी निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्यानंतर काय, याचे उत्तर विभागात कोणाकडेही नव्हते. मला ही बाब अतिशय चिंतेची वाटते.

प्रतींचा प्रश्न दुसरा. कायद्यातील व्याख्येनुसार कागदपत्रांची पाहणी करणे, टिपणे व उतारे घेणे, प्रमाणित प्रती घेणे, इतकेच नव्हे तर साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे, हे सर्व माहितीच्या अधिकारात येते. प्रत्यक्षात एका सोमवारी लिपिकाने मोबाइलवर पानाचे छायाचित्र घेऊ दिले, दुसऱ्या सोमवारी त्याच टेबलावरच्या दुसऱ्या लिपिकाने मनाई केली. प्रत हवी असेल तर शेवटी अर्ज करा, असे सांगण्यात आले, आणि दोन रुपये पान या दराने ती नंतर मिळाली. अलीकडे एक नवी सबबही ऐकू येते. व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील, व्यक्तिगत माहिती नाकारण्याबाबतचे कलम ८(१)(ञ) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अमलात आला, तेव्हापासून मोजमाप करणाऱ्या अभियंत्याचे नावसुद्धा ‘व्यक्तिगत’ म्हणून झाकण्याचा प्रयत्न झाला. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, असे सांगणारे कलम ८(२) अजून जसेच्या तसे आहे, हे मी वहीत लिहूनच नेले होते, आणि त्याचा उपयोग झाला.

वेळेबद्दल एवढेच म्हणते की, सोमवार दुपार ही नोकरदारांसाठी आणि रोजंदारीवर जाणाऱ्यांसाठी अशक्य वेळ आहे. महिन्यातून एक शनिवार सकाळ तरी यासाठी ठेवता येईल.

चौथ्या भेटीत मी रस्ते खोदाईची फाइल मागितली, आणि तिथे हा विषय अनपेक्षितपणे पोलिसांपर्यंत पोहोचला. खोदाईच्या परवान्याला वाहतूक पोलिसांचे ना-हरकत पत्र जोडलेले होते. त्यात काम रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतच करावे, चराच्या दोन्ही बाजूंना परावर्तक पट्ट्यांचे अडथळे उभारावेत, स्वतःचे वॉर्डन नेमावेत आणि सकाळी वाहतूक सुरू होण्यापूर्वी चर बुजवावा, अशा अटी स्पष्ट लिहिल्या होत्या. प्रत्यक्षात तो चर नऊ दिवस उघडा होता, आणि त्याच्या काठावर निळ्या दोरीचा एक तुकडा तेवढा बांधलेला होता. त्याच चरात शेजारच्या काकूंचे यजमान संध्याकाळी पडले आणि त्यांच्या मनगटाचे हाड मोडले.

त्या वेळी पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी आमचा तक्रार अर्ज घेतला, त्यावर पोच दिली आणि ‘चौकशी करून कळवतो’ असे सांगितले. अर्ज घेणे आणि गुन्हा नोंदवणे यांतला फरक आम्हाला तेव्हा समजला नव्हता. दखलपात्र अपराधाची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. तीन आठवडे काहीच कळले नाही. ना-हरकत पत्रातील अटी मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. त्या घेऊन आम्ही वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना भेटलो. ‘ही अट तुमच्याच खात्याची आहे ना?’ असे काकूंनी शांतपणे विचारले. निरीक्षकांनी तो कागद दोनदा वाचला, महापालिकेकडून त्याची प्रमाणित प्रत मागवून घेतली आणि चार दिवसांनी निष्काळजीपणाने दुखापत केल्याचा गुन्हा दाखल झाला. प्रत त्याच संध्याकाळी मिळाली. त्या अधिकाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते, पण काका पडले त्या दिवशीच हे व्हायला हवे होते, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिणे माझे कर्तव्य आहे.

अशा कागदाचे महत्त्व आता अधिकच वाढले आहे. खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. जबाबदार कोण हे ठरवण्याची वेळ येते तेव्हा परवाना कोणाच्या नावे होता, मुदत कधी संपली आणि पाहणी कोणी केली, हे फाइलच सांगते.

पोलिसांकडे अशी सोमवारची सोय मला कुठेही दिसली नाही. तपासाची कागदपत्रे उघडी ठेवता येणार नाहीत, हे मान्य. परंतु ना-हरकत पत्रे, बंदोबस्ताचे आदेश, वाहतूक बदलाच्या अधिसूचना यांत गोपनीय काय आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर येऊ लागले, त्याने तपासाला बाधा आली नाही. वाहतूक शाखेने खोदाईच्या अटी त्या त्या ठिकाणी फलकावर लावल्या, तरी पुष्कळ काम होईल.

ज्यांना ही सेवा वापरायची आहे त्यांनी आदेशाची छापील प्रत, वही, ओळखपत्र आणि कामाचे नेमके नाव व वर्ष सोबत न्यावे. शक्य असल्यास आदल्या शुक्रवारी विभागात जाऊन हवी ती फाइल लेखी सांगून पोच घ्यावी, म्हणजे शोधाशोधीत वेळ जात नाही. दोघांनी जावे, एकाने वाचावे आणि एकाने लिहावे. निघताना भेटीची नोंद आवक नोंदवहीत करायला लावावी, कारण ही सेवा कोणी वापरतच नाही असे उत्तर मला एका बैठकीत देण्यात आले होते.

आमच्या रस्त्याचा दोष दायित्व कालावधी येत्या मार्चमध्ये संपतो. तोपर्यंतची प्रत्येक दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि देवळाजवळची पट्टी आताच दोन ठिकाणी खचली आहे. पुढच्या सोमवारी मी आणि काकू संयुक्त पाहणीचा अहवाल मागायला जात आहोत.