धनगरवाड्यांवरची पदभ्रमंती : वाट उत्तम, माहितीपत्रक अपुरे

साताऱ्यातील काही तरुण पावसाळा ओसरल्यावर कास-बामणोलीच्या डोंगरांतील धनगरवाड्यांवर एका दिवसाची मार्गदर्शित पदभ्रमंती चालवतात. एका डोंगरी जातीचा इतिहास हा विषय ठरवून लोकांना चालत नेणारी सहल आपल्याकडे विरळाच, कारण आपल्या सहली किल्ले, धबधबे आणि फुलांची पठारे यांपलीकडे सहसा जात नाहीत. माणशी १,५०० रुपये शुल्कात साताऱ्यापासूनचा प्रवास, वाटाड्या आणि वाड्यावरचे जेवण मिळते. मला हे शुल्क रास्त वाटले. जेवणाचे पैसे वाटाड्या ज्या घरी जेवण होते तेथेच आमच्यादेखत देतो, ही पद्धतही आवडली.

या उपक्रमाचे खरे बळ म्हणजे वाटाड्याने इतिहासाची सुरुवात राजवंशांपासून न करता पावसापासून केली. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटावकडे वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिमेला महाबळेश्वर-कोयनेकडे तो पाच हजारांच्या आसपास जातो. पूर्वेचे धनगर मेंढरे राखतात आणि दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणात जाऊन पावसाआधी परततात. पश्चिमेच्या धारेवर राहणारे गवळी धनगर, ज्यांना डंगे धनगरही म्हणतात, म्हशी राखतात आणि पिढ्यान्‌पिढ्या डोंगर सोडत नाहीत. ‘मेंढरं का नाहीत?’ असे आमच्यातील एका बाईंनी विचारले, तेव्हा ओसरीवर बसलेले वृद्ध यजमान म्हणाले, ‘‘बाई, ह्या पावसात मेंढरू तग धरत न्हाई. खुरं कुजत्यात त्याची.’’ एका जातनावाखाली दोन वेगळी जीवने कशी नांदतात, हे त्या उत्तराने जितके उलगडले तितके कोणत्याही भाषणाने उलगडले नसते.

घर पाहण्यास पुरेसा वेळ मिळतो. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, आता गवताऐवजी पत्रा, आणि एकाच छपराखाली एका अंगाला माणसे, दुसऱ्या अंगाला म्हशी. रस्ते नसताना दूध खाली नेणे शक्य नव्हते. म्हणून ते विरजायचे, घुसळायचे आणि लोणी-तूप खोऱ्यातील कुणब्यांना देऊन धान्य आणायचे. उतारावर नाचणी आणि वरी पिके, पण भात खाली खोऱ्यातच. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी सह्याद्रीतील गवळी आणि कुणबी यांच्या याच व्यवस्थेचा अभ्यास केला होता. एकाच डोंगरात राहूनही दोन जातींनी परिसर वाटून घेतला होता, असा त्यांचा मुद्दा होता. दूधदुभत्यावर भागत असल्याने गवळी शिकारीकडे वळत नसत, कुणबी मात्र शिकार करत. वाटाड्याला हे सारे ठाऊक होते आणि त्याने ते गोठ्यात उभे राहून सांगितले, हे विशेष. सरकारी माहितीफलकांवर असे काही वाचल्याचे मला आठवत नाही.

निराशा केली ती सोबत दिलेल्या माहितीपत्रकाने. त्यात गवळी धनगरांचा उगम थेट श्रीकृष्णाच्या यादवकुळात आणि तेथून देवगिरीच्या यादवांत दाखवून सारी जात एका सरळ रेषेत बसवली आहे. समाजाची स्वतःविषयीची श्रद्धा म्हणून ही कथा नोंदवावी, त्याला कोणाचाच आक्षेप नसावा. परंतु ती सिद्ध इतिहास म्हणून छापणे योग्य नव्हे. त्याच पानावर वारुळातून मेंढरे बाहेर पडल्याची धनगरी ओव्यांतील कथाही दिली आहे. गुंथर सोंथायमर यांच्यासारख्या अभ्यासकाने मेंढपाळांच्या या मौखिक परंपरेचा आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांचा आयुष्यभर मागोवा घेतला. सांगलीकडच्या आरेवाडीत, बिरोबाच्या बनात ती कथा सांगावी. म्हशी राखणाऱ्यांच्या वाड्यावर ती कोणत्या नात्याने आली, हे मात्र पत्रक सांगत नाही.

येथे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांची आठवण होणे अपरिहार्य होते, पण पत्रकात त्यांचा उल्लेखही नाही. एक मूळ जात फुटून पोटजाती झाल्या, हा रूढ समज त्यांनी नाकारला. आपापसांतच सोयरिक करणारे वेगवेगळे गट सारख्या व्यवसायामुळे एका नावाखाली एकत्र आले असावेत, अशी मांडणी त्यांनी केली. पुढे मल्होत्रांच्या अभ्यासातून धनगर या एका नावाखाली असे वीसहून अधिक गट असल्याचे दिसून आले. हटकर, खुटेकर, झेंडे, डंगे ही त्यांतील काही नावे. हे मान्य केले तर ‘धनगरांचा उगम कोणता’ हा प्रश्न एकवचनात विचारताच येत नाही. कोकरे, झोरे, शेळके, ढेबे, येडगे अशा आडनावांची यादी पत्रकात आहे, पण सोयरीक कोणाशी होते आणि कोणाशी होत नाही, याविषयी ओळही नाही. माझ्या मते सोयरिकीची ही रीतच इतिहासाचा सर्वांत विश्वासार्ह दस्तऐवज असते.

अलीकडच्या काळाचा भाग घाईत उरकला जातो. कोयना धरणाने खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली, १९८५ मध्ये कोयना अभयारण्य आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, आणि चराईवर बंधने आली, एवढेच शिवसागराकडे, म्हणजे धरणाच्या जलाशयाकडे, बोट दाखवून सांगितले गेले. ज्यांच्याशी तुपाची देवघेव होती ती गावेच उठल्यावर वरच्या वाड्यांचे काय झाले, हे खरे तर यजमानांनाच विचारायला हवे होते. त्यासाठी अर्धा तास राखून ठेवला असता तर फोटो काढण्यात गेलेला वेळ सार्थकी लागला असता.

जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ निवडावा. चढ फार कठीण नाही, पण शेवटचा टप्पा उघड्या कातळावरून जातो, त्यामुळे गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. घरगुती तूप विकत मिळते, मात्र ते आधी सांगून ठेवावे लागते.