आज्जीचं बायबल बाइंडिंगला दिलं होतं, खडे बाजाराच्या मागे

पाचपैकी पाच स्टार. पण नुसतं "काम छान" लिहून सोडवत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आज्जीचं मराठी बायबल, काळ्या कव्हरचं, पाठ पूर्ण सुटलेली, दोनदा सेलोटेप लावलेली, आणि गेल्या पावसाळ्यात ओल धरून मधली पानं फुगली होती. बेळगावचा पाऊस काय सांगायचा, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथं सिगारेटच्या कागदासारख्या पानांचं काय होणार. आधी एका दुकानात नेलं तर तिथला माणूस म्हणाला "नवीनच घ्या की मॅडम, ह्याला कशाला खर्च करालाय". अहो नवीन आहे माझ्याकडे, मोबाईलमध्ये पण आहे, मला हेच पाहिजे होतं.

मग कुणीतरी ह्या मामांचं सांगितलं. दुकानाला बोर्ड नाही, गल्लीत आत गेल्यावर खळीचा वास येतो तेच दुकान. गळ्यात तुळशीची माळ, मागं फळीवर गाथा, पोथ्या, व्यापाऱ्यांच्या खातेवह्या रचलेल्या. बायबल हातात घ्यायच्या आधी उठून हात धुऊन आले आणि पाटावर ठेवूनच उघडलं. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून, म्हणजे त्यांच्या अभंगांतून, ख्रिस्ताकडे आले म्हणतात, ते मी लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आलेय, पण त्या दिवशी त्या पाटाकडे बघून पहिल्यांदा आतून कळलं.

तर ते पानं चाळत होते आणि एके ठिकाणी थांबले, म्हणाले, "बाई, कडा मशीनवर कापल्या की पुस्तक सरळ दिसतंय, पण हितं कुणीतरी लिवलंय, ते जाणार. बघून घ्या आणि सांगा."

स्तोत्र ४२ होतं ते. बायबल कधीही उघडा, आपोआप तिथंच उघडायचं, इतकं वापरलेलं पान. हरिणी पाण्यासाठी लुलपते, म्हणजे तहानेनं कासावीस होते, तसा माझा जीव तुझ्यासाठी लुलपतो, तेच. आज्जी खानापूरच्या रानातली, उन्हाळ्यात ओढा आटल्यावर भेकर कसं जीभ बाहेर काढून डबक्यापाशी येतं ते ती आम्हाला सांगायची, त्यामुळं आम्हा पोरांना तो शब्द कधी समजवावा लागला नाही. पण समासात काय लिहिलंय ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं. बारीक पेन्सिलीनं चार तारखा, एकाखाली एक, कितीतरी वर्षांच्या अंतरानं, आणि पहिल्या तीन तारखांपुढं दोनच शब्द, "अजून नाही". चौथ्या तारखेपुढं काहीच नाही, नुसती तारीख, हात थरथरलेला.

मी तिथं स्टुलावर बसूनच राहिले. कारण गेली दोन वर्षं माझी प्रार्थना कोरडी झालीय, रविवारी उपासनेला जाते, गाते, घरी येते, आत काही हलत नाही, आणि मला वाटत होतं माझा विश्वासच संपला, आज्जीसारखा आपला नाही. आणि ती, जिला पहाटे चारला गुडघ्यावर बघून आम्ही मोठे झालो, ती आयुष्यभर तहानलेलीच होती. मला वाटायचं तिला देव मिळालाय म्हणून ती एवढी प्रार्थना करते.

घरी येऊन पूर्ण स्तोत्र परत वाचलं. तो माणूस देवाच्या घरापासून लांब पडलाय, गर्दीबरोबर सणाला जायचो ते आठवून रडतोय, लोक विचारतायत कुठं आहे तुझा देव, आणि तो स्वतःच्याच जिवाला विचारतो तू का खिन्न झालास. हे ४२ मध्ये दोनदा आणि ४३ मध्ये परत एकदा येतं, म्हणजे एकदा समजूत घालून भागलेलंच नाही. तरी सगळी तक्रार तो देवालाच सांगतोय, दुसऱ्या कुणाला नाही. वधस्तंभावर प्रभू स्वतः म्हणाला मला तहान लागलीय (योहान १९:२८), ते पण त्या रात्री खूप वेळ डोक्यात राहिलं.

कामाबद्दल. कडा कापल्या नाहीत, फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) सुट्टे करून दोऱ्यानं परत शिवले, फाटक्या पानांना पातळ कागद लावला, पाठीला कापड आणि वर काळं रेक्झिन. ३५० रुपये. पाच दिवस म्हणाले आणि बारा लागले, पण ओल सुकल्याशिवाय शिवणार नाही म्हणाले ते बरोबरच होतं. "पवित्र शास्त्र" ही सोनेरी अक्षरं किंचित वर-खाली झालीयत, मला चालतं.

एकच गोष्ट, शिवण आता इतकी घट्ट आहे की ते आपोआप स्तोत्र ४२ वर उघडत नाही. रोज मला शोधून उघडावं लागतं. काल उघडलं, पेन्सिल घेतली, आज्जीच्या चौथ्या तारखेखाली माझी तारीख घातली आणि तेच दोन शब्द लिहिले.

जाणार असाल तर दुपारी एकनंतर जाऊ नका, मामा जेवायला जातात. आणि खुणेच्या रिबन दोन लावून मागा.