लक्षणनियंत्रणाच्या चाचण्या शिकवणारी कोल्हापुरातील कार्यशाळा

कर्करुग्णांच्या वेदना, मळमळ, धाप आणि थकवा यांवरील उपचारांच्या क्लिनिकल ट्रायलची आखणी व विश्लेषण शिकवणारी दोन दिवसांची कार्यशाळा नुकतीच कोल्हापुरात झाली. गाठीचा आकार स्कॅनवर मोजता येतो, धाप किती लागते हे मात्र रुग्णालाच विचारावे लागते. प्रशिक्षकांनी हे भान शेवटपर्यंत सुटू दिले नाही.

तुलनेचा गट का हवा, हे त्यांनी २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीवरून उत्तम समजावले. रक्तातील ऑक्सिजन फारसा कमी नसूनही सतत धाप लागणाऱ्या २३९ रुग्णांपैकी काहींना नळीवाटे ऑक्सिजन, तर काहींना साधी हवा दिली गेली. आठवड्याभरात दोन्ही गटांची धाप थोडी उतरली आणि दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. साध्या हवेचा गट नसता, तर सारे श्रेय ऑक्सिजनला गेले असते.

सर्वांत मोलाचे सत्र अपुऱ्या नोंदींवरचे होते. ट्रायलमधील रुग्ण आपल्या त्रासाची नोंद ठरावीक आठवड्यांनी फॉर्मवर करतात. चौथ्या आठवड्याचा फॉर्म जे भरत नाहीत, ते बहुधा अधिक खालावलेले किंवा दगावलेले असतात. म्हणून उरलेल्यांची सरासरी काढली की उपचार आहे त्याहून गुणकारी भासतो, आणि फॉर्म न भरलेल्यांची आधीची शेवटची नोंद तशीच पुढे ओढली तरी चित्र खरे होत नाही. नोंद का राहिली याचे कारण प्रत्येक वेळी लिहावे, काही रुग्णांची मध्येच होणारी गळती गृहीत धरूनच रुग्णसंख्या ठरवावी आणि वेगवेगळ्या गृहीतकांवर निष्कर्ष टिकतो का हे तपासावे, असा त्यांचा आग्रह होता. चंदगड-आजऱ्याहून येणाऱ्या रुग्णाला केवळ फॉर्मसाठी एसटीने बोलावण्यापेक्षा फोनवरून प्रश्न विचारावेत, पण मग दोन्ही गटांना तसेच विचारावेत, ही सूचना मला फार महत्त्वाची वाटली.

दोन उणिवा मात्र खटकल्या. सरावाच्या प्रश्नावल्या केवळ इंग्रजीत होत्या. कर्करुग्णांच्या जीवनमानाविषयीच्या क्यूएलक्यू-सी३० या तीस प्रश्नांच्या प्रश्नावलीचे मराठी भाषांतर उपलब्ध असताना हे टाळता आले असते. शिवाय विश्लेषणाचा प्रत्यक्ष सराव दुसऱ्या दिवशीच्या अखेरच्या तासात उरकला गेला, त्यामुळे सांख्यिकीची ओळख नसलेले अनेक जण मागे पडले. त्यासाठी किमान अर्धा दिवस राखून ठेवावा.

तरीही ट्रायलचा मसुदा हाती असलेल्या डॉक्टरांनी, आणि रुग्णाशेजारी बसून फॉर्म भरून घेणाऱ्या परिचारिकांनी तर आवर्जून, पुढच्या कार्यशाळेला नाव नोंदवावे.