२०१७च्या विश्वचषकाची सहा स्टेडियम: फुटबॉल बघायला कुठलं निवडावं?

ऑक्टोबर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा फिफा विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबई, मडगाव, कोलकाता, कोची, दिल्ली आणि गुवाहाटी या सहा शहरांत मिळून ५२ सामने झाले. यातल्या एखाद्या शहरात सामना बघायला जायचा विचार असेल, तर सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासा: त्या स्टेडियमला मैदानाभोवती शर्यतींची धावपट्टी आहे, की ते क्रिकेटचं मैदान आहे. छप्पर, खुर्च्या, क्षमता हे सगळं नंतर बघू. तुम्ही खेळाडूपासून किती लांब बसणार हे या एका गोष्टीवर ठरतं, आणि दोन्ही प्रकारांत चांगली जागा अगदी उलट बाजूला असते.

हिशोब साधा आहे. फुटबॉलचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. प्रमाणित ४०० मीटर धावपट्टीच्या आतली रुंदी ७३ मीटर असते आणि आठ लेनची पट्टी जेमतेम १० मीटर. म्हणजे लांबीच्या बाजूला बसलात तर तुमच्या आणि साइडलाइनच्या मध्ये १२-१३ मीटर. गोलच्या मागे मात्र धावपट्टीचं वळण येतं आणि तेच अंतर ३६ मीटरवर जातं. तिथून समोरचा गोल १४० मीटर लांब. पलीकडे गोल झाला की नाही हे लोकांच्या ओरडण्यावरून कळतं. क्रिकेटच्या मैदानात याच्या उलट. सीमारेषा मध्यापासून कमीत कमी ५९ मीटर, म्हणजे साइडलाइनपासून किमान २५ मीटर. गोलच्या मागे मात्र हे अंतर ७ ते १५ मीटरपर्यंत उतरतं. तेव्हा धावपट्टी असेल तर गोलमागचं स्वस्त तिकीट टाळा. क्रिकेटचं मैदान असेल तर तेच तिकीट बिनधास्त घ्या.

नवी मुंबईत नेरूळचं डी. वाय. पाटील हे क्रिकेटचं मैदान. २००८ साली सुरू झालं, हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचा आराखडा. छताला पुढून एकही खांब नाही, त्यामुळे कुठेही बसलात तरी नजरेआड काही येत नाही. सहांमध्ये ही सोय उठून दिसते. लांबीच्या बाजूला बसायचं असेल तर वरचा मजला घ्या. खालून मैदान सपाट दिसतं, पलीकडच्या बाजूची चाल कळत नाही. कोपऱ्यातल्या जागा इथे सर्वांत फायद्याच्या. अडचण वेगळीच आहे: इथे फुटबॉल क्वचित होतो. २०१७ची स्पेन-माली उपांत्य लढत आणि २०२२च्या मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची अंतिम लढत (स्पेन १, कोलंबिया ०) इथे झाली, पण एरवी तारखा क्रिकेटच्या. फुटबॉलआधी मधल्या खेळपट्ट्यांचं करायचं काय हा प्रश्न असतोच. ती माती कडक राहिली तर चेंडू मधोमध वेगळा उसळतो, आणि नवी हिरवळ घाईने लावली तर ती बुटाखाली उचकटते. पोचायला हार्बर लाइनने नेरूळ, पुढे रिक्षा. सुटताना मात्र रिक्षा शोधत थांबू नका, गर्दीबरोबर स्थानकाकडे चालू लागा.

मडगावात फातोर्ड्याचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम हे सहांतलं सर्वांत लहान, साधारण १९ हजारांचं. आमचं मत विचाराल तर नुसता फुटबॉल बघायचा असेल तेव्हा पहिली पसंती हीच. १९८९ साली उभं राहिलं, एकदिवसीय क्रिकेटचे सामनेही पाहिले, पण आज ते एफसी गोवा या क्लबचं घर आहे आणि गोंयकाराला फुटबॉल शिकवावा लागत नाही. अर्ध्या संधीवर, चुकलेल्या थ्रोवर, मध्यरक्षकाच्या एका वळणावर सगळी गॅलरी दाद देते. १० ऑक्टोबर २०१७ला इराणने जर्मनीला ४-० हरवलं ते इथेच, आणि इंग्लंडने अमेरिकेला ४-१ ने बाहेर काढलं तेही इथेच. धावपट्टी नाही, छप्पर आहे, कदंबा बसस्थानक जवळ. मुंबईहून जाणाऱ्यांची फसगत होते ती परतीच्या गाडीत. कोकणकन्या मडगावहून संध्याकाळीच निघते, तेव्हा रात्रीचा सामना सुरूही झालेला नसतो. मुक्काम धरूनच बेत आखा, तोही मडगावात. रात्री पणजीकडे बस मिळेल या भरवशावर राहू नका. मुंबईहून जाताना रात्रीची कोकणकन्या किंवा पहाटेची जनशताब्दी घ्या. मांडवी संध्याकाळी उशिरा पोचते आणि पावसाळी वेळापत्रकात आणखी रेंगाळते.

कोलकात्याचं सॉल्ट लेक म्हणजे विवेकानंद युवाभारती क्रीडांगण. दृश्यासाठी नव्हे, गर्दीसाठी जायचं ठिकाण. १९९७च्या फेडरेशन कपात मोहन बागान-ईस्ट बंगाल लढतीला इथे १ लाख ३१ हजारांवर लोक होते. २०१७साठी बाकांच्या जागी खुर्च्या बसवल्या आणि कृत्रिम गवत काढून खरी हिरवळ लावली. अंतिम सामन्याला ६६ हजारांवर प्रेक्षक होते, इंग्लंडने स्पेनवर ५-२ अशी मात केली. धावपट्टी आहे, तेव्हा लांबीच्या बाजूचा मधला मजला बघा. आत जायला ९ दरवाजे आणि ३० रॅम्प आहेत. तिकिटावरचा दरवाजा आणि रॅम्प दोन्ही वाचून घ्या. चुकीच्या बाजूने गेलात तर एवढ्या मोठ्या वास्तूला वळसा घालताना पहिली दहा मिनिटं हुकतात. आता हावडा स्थानकावरून थेट मेट्रो आहे.

कोचीचं स्टेडियम क्रिकेट-फुटबॉल दोन्हीचं, म्हणून नियम नेरूळचाच. केरळ ब्लास्टर्स या पिवळ्या पोशाखातल्या क्लबने इथे वर्षानुवर्षं पिवळ्या गॅलऱ्या भरल्या, आणि ब्राझीलचा पोशाखही पिवळाच, त्यामुळे ब्राझील-स्पेन सामन्यात कोण घरचं हे सांगायला नको. विश्वचषकात सुरक्षिततेसाठी प्रेक्षकसंख्या २९ हजारांच्या आसपास आणावी लागली. हे लक्षात ठेवून शेवटच्या शिट्टीनंतर दहा मिनिटं जागेवरच थांबा. मेट्रोचं स्थानक अगदी दाराशी आहे. मुंबईहून नेत्रावती एर्नाकुलमला सोडते.

दिल्लीबद्दल थोडक्यात: १९८२च्या आशियाडसाठी बांधलेलं, मुळात ॲथलेटिक्सचं. भारताचे तिन्ही सामने इथे झाले आणि जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध केलेला भारताचा विश्वचषकातला पहिला गोलही इथलाच. पण मैदानापासून अंतर वाटतं, आणि दिवाळीच्या सुमारास हवा श्वास कोंडणारी असते.

गुवाहाटीच्या सरुसजाईतलं स्टेडियम २००७च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी झालं. धावपट्टी आहे, पण नॉर्थईस्ट युनायटेड या इथल्या क्लबचा पाठीराखा मनापासून येतो. इथला शत्रू पाऊस. २१ ऑक्टोबर २०१७ला माली-घाना लढत चिखलात झाली, हिरवळ पार उखडली आणि ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना दोन दिवस आधी कोलकात्याला हलवला गेला. तिकिटाचे पैसे परत मिळतात, विमानाचे नाही. ऑक्टोबर संपेपर्यंतचा सामना असेल तर रद्द करता येईल असंच आरक्षण करा. नोव्हेंबरपासून पुढे ही धास्ती बरीच कमी होते.